झाकणाआडची गंमत

३ फेब्रुवारी

प्रिय खटपटी,

आधी बातमी सांगते, मग रडगाणं. तुझ्या वहिनीने कॉम्प्युटर असेंबल केला. आयता आणला नाही. सुटे भाग आणून कापायच्या टेबलावर मांडले आणि एकेक जागेवर बसवला. दुकानदार म्हणाला होता, बाई, शिवणकामाला एवढं कशाला, तयार डबा घेऊन जा. मग तर मी हट्टालाच पेटले. पहिल्यांदा बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, तर तुझ्या दादाने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, चालला की काय? जणू त्याला माझ्याकडून धुराचीच अपेक्षा होती.

आता रडगाणं. आत दोन हार्ड डिस्क आहेत. नवी छोटी आहे, तिच्यावर सगळे प्रोग्रॅम, ती गुणाची. दुसरी जुन्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेली, आणि तिच्यावर माझी सगळी गिऱ्हाइकं आहेत गं. ज्यांच्या अंगाला दुकानातला कपडा कधी बसत नाही ती सगळी. एक हात नसलेले मास्तर, चाकाच्या खुर्चीतली ग्रंथपाल, पाठीला बाक असलेली माझी वकील. प्रत्येकाच्या अंगाचा पॅटर्न तिच्यावर आहे. ही डिस्क सकाळी दिसते आणि दुपार झाली की गायब. बंद करून पुन्हा सुरू केलं तर कधी येते, कधी नाही. फाइल कॉपी करायला घेतली की अर्ध्यात फतकल मारून बसते.

दहा मार्चला वकील कोर्टात पहिल्यांदा स्वतः उभी राहणार आहे. तिचा काळा कोट मी शिवायचाय. डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली, पाठ एका अंगाला वळलेली. तो पॅटर्न जमेपर्यंत आम्हा दोघींच्या नाकी नऊ आले होते. ती सध्या परगावी आहे, आदल्या संध्याकाळी येईल, म्हणजे पुन्हा मापं घेणं नाही. आणि जुने खाकी कागद मी कॉम्प्युटरवर चढवून झाल्यावर रद्दीत दिले. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तू एकदाच ओरडशील.

तू सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरींच्या जंगलात काढलास आणि आता घरबसल्या गावभरच्या आजारी डिस्क बऱ्या करतेस. अशी नणंद असताना मी दुकानदाराचे पाय का धरू? रविवारी फोन करते. फोन डब्याला लावून धरीन, तूच ऐक काय आवाज येतो ते.

आणि हो, आत एक गंमत केली आहे. तू येशील तेव्हा झाकण काढून दाखवीन. तोवर विचारू नकोस.

तुझी
वहिनी

७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नुसतं कौतुकाने. एक्स्चेंजमध्ये पहिलं पॅनेल एकटीने लावायला मला वर्ष गेलं होतं, आणि तेव्हा डोक्यावर शिकवायला साहेब उभे होते. तू माहितीपत्रक वाचून अख्खं मशीन उभं केलंस. तुझे हात सोन्याचे आहेत हे मी लग्नात तू स्वतः शिवलेलं पोलकं पाहिलं तेव्हाच म्हटलं होतं. डोकंही तसलंच आहे, हे आता सगळ्यांना सांगत सुटणार आहे.

कागद रद्दीत दिलेस त्यावर काही बोलत नाही. दातओठ खाल्ले, झालं.

फोन करू नकोस. असली कामं फोनवर होत नाहीत, सांगावं एक आणि होतं भलतंच. तू लिही, मी लिहून उत्तर देते.

मशीन सुरू होताना अगदी पहिल्या पडद्यावर जोडलेल्या डिस्कची नावं येतात. तिथे जुनी दिसते का ते बघ. तिथेच नसेल तर प्रोग्रॅमला बोल लावण्यात अर्थ नाही, दोष डब्यात आहे. मग मशीन बंद करून, प्लग काढून, डिस्कची चपटी वायर मदरबोर्डवर दुसऱ्या खाचेत लावून बघ. तरी तेच झालं तर वायर नवीन आण. शंभरातल्या निम्म्या डिस्क आजारी नसतातच, वायर आजारी असते. आणि डिस्क दिसली रे दिसली की आधी कोटाची फाइल उचल. बाकी कशालाही हात लावू नकोस. घराला आग लागली की माणूस आधी मूल उचलतो, कपाट नाही.

दादाला म्हणावं, पेपर उलटा धरलायस का बघ.

खटपटी

११ फेब्रुवारी

प्रिय खटपटी,

सगळं केलं. पहिल्या पडद्यावर सकाळी नाव असतं, दुपारी पुसलेलं असतं. खाच बदलली, फरक नाही. वायर नवीन आणली, जुनीच्या जागी अगदी तशीच टापटीप बसवली, तरी ये रे माझ्या मागल्या. कोटाची फाइल निम्मी आली आणि अडकली. तुझा दादा म्हणतो, डिस्क त्याच्यावर गेली आहे, दुपारी झोपल्याशिवाय चालत नाही. मी हसले नाही.

रविवारी तरीही फोन केला होता. वाजत राहिला. त्या वेळी तू घरीच असतेस हे मला माहीत आहे. खरं सांग, तू माझ्यावर रागावली आहेस का? गेल्या वर्षी तुझ्या भाचीच्या, धाकट्या भावजींच्या मुलीच्या, घरी आपण सगळे बसलो होतो आणि तू मधूनच उठून गेलीस. तेव्हापासून तू आमच्याकडे पाय ठेवलेला नाहीस. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला ठाऊक आहे. काही बोलले असेन तर तोंडावर सांग, मी कान पकडते.

नाहीतर एवढं निमित्त आहे तर येच ना इकडे. तू एकदा समोर बसलीस तर ती डिस्क भीतीनेच सरळ होईल.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

रागावलेली नाही. तुझ्यावर रागावता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. येता येत नाही कारण गुडघा धरला आहे.

आता नीट वाच. खाच बदलली, वायर बदलली, तरीही डिस्क तापली की जाते. याचा अर्थ मला चांगला दिसत नाही. डिस्क आतून जात असावी. तिला आणखी चालवू नकोस. काढ, जाड फडक्यात गुंडाळ आणि माहिती काढून देणाऱ्या वर्कशॉपला पाठव. पत्ता मागे लिहिला आहे. ते महिना तरी घेतात. दहा मार्च गाठता येईल असं मी खोटं सांगणार नाही.

वाईट वाटतंय. फार.

खटपटी

१८ फेब्रुवारी

प्रिय खटपटी,

तुझं पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि आठवणीने नवा पॅटर्न काढायला बसले. स्वस्त कापड कापून, आठवेल तशी तिच्या पाठीची भर घातलेल्या पुतळ्यावर चढवलं. पाठ बसली तर बाही लोंबते, बाही उचलली तर गळा ओढला जातो. तो कोट माझ्या डोक्यात नाही गं, त्या फाइलमध्येच आहे.

मी एवढी का जीव टाकते ते सांगते. कॉलेजात असताना ती एका स्पर्धेत उसन्या कोटात बोलायला उभी राहिली होती. कुणीतरी मागून म्हणालं, हँगरवरून घसरला वाटतं. पोरगी पूर्ण बोलली, खाली बसली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. मी विचारलं, कसा हवा कोट? ती म्हणाली, "काकू, मला सुंदर दिसायचं नाही. मी उभी राहिले की लोकांनी ऐकावं, बघत बसू नये."

म्हणून मी डिस्क वर्कशॉपला पाठवत नाहीये. हातपाय गाळून बसायची माझी जात नाही आणि तुझीही नाही. अजून काहीतरी सुचव.

आणि गुडघ्याचं म्हणशील तर मागच्याच महिन्यात तू लिहिलं होतंस की शिडीवर चढून टाकीची गळती तूच थांबवलीस. खोटं बोलायचं तर लक्षात ठेवून बोलावं.

वहिनी

२१ फेब्रुवारी

वहिनी,

त्या मुलीचं वाक्य डोक्यातून जात नाही. कोट झालाच पाहिजे.

मी घाई केली. डिस्कला न तपासताच मरणाचा दाखला लिहून दिला. आता एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगत नाही कारण लोक हसतात. डिस्क पुन्हा जोड. झाकण उघडंच ठेव. मशीन सुरू कर आणि तीन बोटं डिस्कच्या वरच्या पत्र्यावर हलकेच टेकव. डोळे मीट. आत चकती फिरते, तिची थरथर बोटांना लागते. मरणारी डिस्क अडखळते, दम खाते, पुन्हा धावते. मध्येच आतून टिचकी मारल्यासारखं लागतं. धडधाकट असेल तर सलग फिरते. दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलं नसतं, पण तू डोळे मिटून कापडाचा उभा-आडवा धागा ओळखणारी बाई आहेस. तुझ्या बोटांवर माझा कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे.

बोटं टेकवलेली असताना डिस्क स्क्रीनवरून गायब होईपर्यंत थांब. त्या क्षणी बोटांना काय लागलं, ते मला हवं आहे.

आणि डब्याच्या आतलं चित्र काढून पाठव. सगळ्या वायरींसकट. तुझी गंमतबिंमत काय असेल तीही दाखव, आता लपवाछपवी पुरे.

खटपटी

२४ फेब्रुवारी

प्रिय खटपटी,

टेकवली बोटं. शिवणाच्या मशीनला तेल दिल्यावर पायाखाली कसं लोण्यासारखं जातं, तसं लागलं. गचका नाही, टिचकी नाही. आणि ऐक, दुपारी ती स्क्रीनवरून गेली ना, तेव्हाही बोटांखाली फिरतच होती. जराही थांबली नाही. ती जिवंत आहे, फक्त तिचं म्हणणं बाहेर पोचत नाहीये. मला रडू आलं. दादाने घाबरून प्लगच काढला.

चित्र सोबत जोडलं आहे, दोऱ्याच्या पिळासकट. गंमत फुकट गेली, पण हरकत नाही. तू एक्स्चेंजमध्ये नवी लागली होतीस तेव्हा घरी येऊन मला शिकवलं होतंस ते आठवतं? मेणाच्या धाग्याने वायरींचा जुडगा बांधायचा, धागा एकच, थोड्या थोड्या अंतरावर फास, शेवटी न सुटणारी गाठ. माझ्या शिवणाच्या दोऱ्यांवर करून दाखवलं होतंस. मी आत सगळ्या वायरी तशा बांधल्यात, आवळून, एका रेषेत. ती चपटी वायर फार लांब होती, मेली लोंबत होती. तिला कोपऱ्यावर चुणी घालून बंद इस्त्रीखाली रात्रभर दाबून ठेवली. बंद इस्त्री गं, गरम नाही, एवढी अक्कल आहे मला. नवी आणली तिलाही तशीच चुणी घातली. आता आत बघितलं तर शिवलेल्या कोटाच्या अस्तरासारखं दिसतं. तुझा चेहरा बघायचा होता.

आता माझा एक प्रश्न. फोन नको म्हणतेस. वाजला तर उचलत नाहीस. आवाज कसा येतो ते एकदाही विचारलं नाहीस, बोटांना काय लागतं ते विचारतेस. ज्याचे कान चालतात तो माणूस बोटांनी ऐकायला कशाला शिकेल?

उत्तराची घाई नाही. आधी डिस्क.

वहिनी

२६ फेब्रुवारी, कुरिअरने

वहिनी,

धागा काप. सगळा.

चुणीची वायर फेकून दे, नवीन आण, आणि तिला मोठा गोल वळसा देऊन मोकळी सोड. लोंबू दे मेलीला. आत केसाहून बारीक तारा असतात. तुझ्या इस्त्रीने त्या घडीवर मोडल्या. डबा गार असतो तोवर मोडकी टोकं कशीबशी टेकून राहतात, डबा तापला की सुटतात. म्हणून दुपारची झोप. दादाला सांग, निदान लक्षण त्याने बरोबर ओळखलं होतं.

तुझं काही चुकलं नाही. एक्स्चेंजच्या वायरी आडदांड, त्या आवळल्या तरी ऐकायच्या. मी तुला आवळायला शिकवलं आणि तू माझ्याहून चांगलं शिकलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी डिस्कची नाडी बघत बसले आणि दुखणं माझ्याच गाठीत होतं.

चित्र मी भिंतीवर लावलं आहे. इतकं देखणं काम एक्स्चेंजमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. तरीही काप.

दुसऱ्या प्रश्नाचं मागाहून.

खटपटी

१ मार्च

प्रिय खटपटी,

कात्री उचलली तेव्हा हात जड झाला, पण कापलं. नवी वायर मोठा वळसा देऊन मोकळी सोडली. सकाळ गेली, दुपार गेली, डिस्क जागची हलली नाही. कोटाची फाइल आधी उचलली, मग मास्तर, मग ग्रंथपाल, मग सगळेच. आता सगळ्यांच्या दोन दोन प्रती आहेत, एक नव्या डिस्कवर आणि एक दादाच्या कपाटात. तो म्हणतो, एवढी माणसं घरात ठेवायची तर चहाचं काय?

कोट कापून झाला. पाठ बसली, बाही बसली.

लोक उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हसतात. तू तर इतक्या लांबून हाकल्यास, मोजल्यास आणि हरवलेली शोधूनही दिलीस. मी ज्यांना ज्यांना हे सांगते त्यांना आधी सांगते की ही माझी नणंद.

आता माझं उत्तर दे.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

देते.

डावा कान गेल्याला काळ झाला, उजवाही मंदावत गेल्या वर्षी पुरता गेला. डॉक्टरने दिलेलं यंत्र लावलं की भांडी पडल्यासारखा गोंगाट होतो, माणूस कळत नाही. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि आता स्वतःचा वाजलेला कळत नाही, यावर दादा काहीतरी फर्मास विनोद करील. मला तो ऐकू येणार नाही, एवढंच.

भाचीच्या घरचं विचारलं होतंस. सगळे हसत होते म्हणून मी हसत होते. हसणाऱ्यांकडे बघायचं आणि हसायचं, ही युक्ती मी बरीच वर्षं चालवली. मग भाची बोलायला लागली आणि मी सवयीने हसले. तिचा चेहरा बघून कळलं, ती तिच्या ऑपरेशनचं सांगत होती. मी उठले आणि निघाले. पुन्हा तसं तोंडघशी पडायची हिंमत झाली नाही. गुडघा धडधाकट आहे.

तुझी पत्रं मी तुझ्या आवाजात वाचते. तो अजून नीट आठवतो. किती दिवस आठवेल ते माहीत नाही, म्हणून लांबलचक लिहीत जा.

खटपटी

११ मार्च

प्रिय खटपटी,

काल कोर्टात गेले होते, अगदी मागच्या बाकावर बसले. वकील उभी राहिली. बोलता बोलता तिने डावा हात उचलला, पण खांदा ओढला नाही, गळा हलला नाही. न्यायाधीश लिहून घेत होते. समोरचा वकील कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. माझ्या शेजारच्या बाईला न राहवून विचारलं, कोट कसा आहे हो तिचा? ती म्हणाली, कोणता कोट? खटपटी, एवढं मोठं बक्षीस मला कुणी दिलं नव्हतं. त्यातलं निम्मं तुझं.

आता तुझं. भाचीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी सगळे सुतकी चेहरे करून बसले होते, एकटी आत्या हसली, तेव्हा मला धीर आला. तू वर्षभर उगीच तोंड लपवलंस बाई. आम्हीही कमी नाही, वर्षभर रुसवा समजून बसलो.

माझं कापायचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे आणि शिवणाचे खडू खोकंभर आहेत. मला बोलायचं ते मी टेबलावर लिहीन, तू वाच, ओल्या फडक्याने पुसून टाकू. दादाला लिहायचा कंटाळा, म्हणजे त्याचे विनोद निम्मे होतील, सगळ्यांचाच फायदा.

त्याला तुझं पत्र वाचायला दिलं होतं. वाचून टेबलापाशी आला, खडू घेतला आणि टेबलाच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ये'. आता मला पुसू देत नाही. मास्तरांचा शर्ट मी एका कोपऱ्यात कापतेय.

वायरी पुन्हा बांधल्यात, पण सैल, वळसा ठेवून. झाकण उघडंच आहे. शेवटची गाठ मारलेली नाही, ती तुझ्या हातची.

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर कुणी येऊ नका, हाका मारून उपयोग नाही.

गाठ मारू नकोस. मेणाचा धागा मी आणते. चित्रात तू शिवणाचा दोरा वापरलेला दिसतोय, तो टिकायचा नाही.

मास्तरांचा शर्ट दोन दिवस कोपऱ्यातच काप. दादाला सांग, मी येऊन वाचेपर्यंत पुसू नये.

खटपटी